विल्यम हेन्री सीवर्ड

उत्तर अमेरिकेचा नकाशा भिंतीवर टांगला म्हणजे वर्गांतील एखादा चौकस मुलगा हटकून एक प्रश्न विचारतो. खंडाच्या अगदीं वायव्य कोपऱ्यांत अलास्का नांवाचा जो अफाट प्रदेश आहे, तो संयुक्त संस्थानांच्या रंगांत रंगविलेला असतो. परंतु त्याच्या व संयुक्त संस्थानांच्या मध्यें तर कानडा देश पसरलेला आहे. मग हा तुटलेला तुकडा त्या राष्ट्राच्या पदरांत पडला कसा? ह्या प्रश्नाचें उत्तर देतां देतां शिक्षकास एका पुरुषाचें नांव घ्यावें लागतें, आणि तें नांव विल्यम हेन्री सीवर्ड हें होय. अब्राहाम लिंकन ह्यांचें चरित्र आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. परंतु लिंकन ह्यांच्या शेजारीं बसून ज्यांनीं चार वर्षें परराष्ट्रीय कारभाराचें सुकाणूं धरलें, त्यांची ओळख फार थोड्यांस असते. ती करून द्यावी, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे. त्यांच्या हातून जें चांगलें झालें तें आणि जें चुकलें तें, दोन्ही आम्ही सांगणार आहों. कारण निर्दोष मनुष्यांचींच चरित्रें लिहावयाचीं असें ठरविलें, तर एकाहून अधिक चरित्रें लिहितां येणार नाहींत.

सीवर्ड ह्यांचा जन्म १६ मे १८०१ रोजीं न्यूयॉर्क संस्थानाच्या ऑरेंज परगण्यांतील फ्लोरिडा नांवाच्या खेड्यांत झाला. दक्षिणेकडील फ्लोरिडा संस्थान निराळें, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें. त्यांचे वडील सॅम्युअल सीवर्ड हे वैद्यकी करीत. शिवाय व्यापार व जमीनजुमला ह्यांतही त्यांनीं बराच पैसा मिळविला होता, आणि गांवांत त्यांच्या शब्दाला वजन होतें. उत्तरेकडील संस्थानांत गुलामगिरी कधीं नव्हतीच असा पुष्कळांचा समज असतो. पण तो बरोबर नाहीं. न्यूयॉर्क संस्थानांत ती १८२७ सालापर्यंत कायद्यानें चालू होती, आणि सीवर्ड ह्यांच्या घरींही गुलाम होते. घरचीं माणसें लहानग्या विल्यमला हेन्री म्हणत. दिवाणखान्यांतील गंभीर बोलण्यापेक्षां स्वयंपाकघरांतील चुलीशीं बसून ह्या गुलामांच्या गोष्टी ऐकणें त्यास अधिक आवडे. शेजारच्या घरीं झीनो नांवाचा एक गुलाम मुलगा होता. त्याची व हेन्रीची खेळांत गट्टी जमली होती. एके दिवशीं त्या मुलास त्याच्या धन्यानें चाबकानें फोडून काढलें. तो पळाला, परंतु पकडला गेला. आणि हेन्रीनें त्यास पुन्हां पाहिलें तेव्हां त्याच्या गळ्यांत लोखंडी कडें अडकविलेलें होतें. आपला खेळगडी, आणि त्याच्या गळ्यांत गुरासारखें लोखंड! हें दृश्य त्या बालकाच्या मनावर जें उमटलें, तें पुढें कधींच पुसलें गेलें नाहीं.

हेन्री अभ्यासांत हुशार होता. पंधराव्या वर्षीं तो स्केनेक्टडी येथील युनियन कॉलेजांत दाखल झाला. तेथें त्याच्या हातून एक अविचार घडला, तोही सांगितला पाहिजे. आपले खेडवळ कपडे पाहून सोबती हंसतात, म्हणून त्यानें शहरच्या शिंप्यांकडून उधारीनें नवे कपडे शिवून घेतले. वडिलांनीं तें कर्ज फेडण्याचें नाकारलें, तेव्हां रागाच्या भरांत १८१९ सालीं हा सतरा वर्षांचा मुलगा कॉलेज सोडून थेट दक्षिणेस जॉर्जिया संस्थानांत पळून गेला, आणि तेथें एका शाळेचा मास्तर होऊन बसला! घरच्या मंडळींच्या विनवण्यांवरून तो लवकरच परत आला, पुन्हां अभ्यासास लागला, आणि १८२० सालीं त्यानें मोठ्या मानानें पदवी मिळविली. अविचार तो अविचारच; परंतु परमेश्वराची योजना अशी कीं, ह्या पळून जाण्यामुळेंच दक्षिणेकडील गुलामगिरी त्यास स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावयास सांपडली.

पुढें कायद्याचा अभ्यास करून सीवर्ड १८२२ सालीं वकील झाले, व ऑबर्न नांवाच्या गांवीं न्यायाधीश एलायजा मिलर ह्यांच्या कचेरींत काम करूं लागले. १८२४ सालीं मिलर ह्यांची कन्या फ्रान्सिस हिच्याशीं त्यांचा विवाह झाला. ही बाई प्रकृतीनें नाजूक, पण मनानें कणखर होती. गुलामगिरी हें पाप आहे, आणि पापाशीं तडजोड करावयाची नसते, हें तिचें मत अखेरपर्यंत ढळलें नाहीं. सीवर्ड हे राजकारणी पुरुष. त्यांस पुष्कळदां दोन पावलें मागें सरण्याचा मोह होई. अशा वेळीं ऑबर्नहून येणारीं पत्नीचीं पत्रें त्यांस पुन्हां मार्गावर आणीत. विवाहाच्याच वर्षीं प्रवासांत त्यांच्या गाडीचें चाक मोडलें, तेव्हां मदतीस धांवून आलेला एक तरुण वर्तमानपत्रकार त्यांस भेटला. त्याचें नांव थर्लो वीड. हा मनुष्य पुढें न्यूयॉर्कच्या राजकारणांतील मोठा सूत्रधार झाला, आणि त्याची व सीवर्ड ह्यांची मैत्री जन्मभर टिकली.

१८३० सालीं सीवर्ड संस्थानाच्या कायदेमंडळांत निवडून आले. १८३४ सालीं गव्हर्नरच्या जागेसाठीं ते उभे राहिले, पण हरले. चार वर्षांनीं पुन्हां उभे राहून ते विजयी झाले, आणि १८३९ च्या जानेवारींत सदतिसाव्या वर्षीं न्यूयॉर्कसारख्या मोठ्या संस्थानाचे गव्हर्नर झाले. त्यांच्या कारकीर्दींतील एक गोष्ट शाळेशीं संबंध असणाऱ्या प्रत्येकानें जाणून घ्यावी अशी आहे. त्या काळीं आयर्लंडांतून हजारों गरीब कॅथॉलिक कुटुंबें न्यूयॉर्क शहरांत येऊन राहिलीं होतीं. शहरांतील शाळा प्रॉटेस्टंट मंडळींच्या हातीं असल्यामुळें हे लोक आपलीं मुलें त्यांत पाठवीत नसत, आणि तीं मुलें रस्त्यांत उनाडत वाढत. सीवर्ड स्वतः प्रॉटेस्टंट होते. तरीही १८४० सालीं त्यांनीं कायदेमंडळापुढें अशी सूचना मांडली कीं, ह्या मुलांसाठीं त्यांच्याच भाषेचे व त्यांच्याच धर्माचे शिक्षक असलेल्या शाळा काढाव्या. ह्यावर त्यांचे स्वतःचे पक्षकारच खवळले. सूचना जशीच्या तशी मान्य झाली नाहीं. परंतु १८४२ सालीं कायदा होऊन शहरांतील शिक्षणासाठीं लोकांनीं निवडलेलें मंडळ स्थापन झालें. ह्या प्रकरणानें सीवर्ड ह्यांचे जे शत्रु झाले, त्यांनीं वीस वर्षांनंतर त्याचा सूड उगविला, हें पुढें दिसून येईल. मूल कोणत्या पंथाचें आहे हें न पाहतां तें शिकलें पाहिजे, एवढेंच पाहणारा राज्यकर्ता त्या काळीं विरळाच होता.

गव्हर्नर असतांनाच त्यांचा व्हर्जिनिया संस्थानाशीं तंटा झाला. एका गुलामास जहाजांतून पळून येण्यास मदत केल्याच्या आरोपावरून तीन काळ्या खलाशांस आपल्या स्वाधीन करावें, अशी व्हर्जिनियानें मागणी केली. न्यूयॉर्कच्या कायद्यांत मनुष्य ही मालमत्ता नाहीं, मग तिची चोरी कशी होईल, असा मुद्दा घेऊन सीवर्ड ह्यांनीं ती साफ नाकारली. पळून आलेल्या गुलामांस पंचांपुढें आपली बाजू मांडतां यावी, असा कायदाही त्यांच्या अमदानींत झाला. १८४२ च्या अखेरीस अधिकार सोडून ते कर्जबाजारी स्थितींत ऑबर्नला परत आले आणि पुन्हां वकिली करूं लागले.

आतां आम्ही त्यांच्या आयुष्यांतील ज्या प्रसंगाकडे वळतों, त्यांत सत्ता नाहीं, पद नाहीं, पैसाही नाहीं. तरीही आमच्या मतें सीवर्ड ह्यांची खरी पारख येथेंच झाली. १८४६ च्या मार्च महिन्यांत ऑबर्नजवळ एका रात्रीं व्हॅन नेस्ट नांवाच्या शेतकरी कुटुंबांतील चार माणसांचा खून झाला. त्यांत एक लहान मूलही होतें. विल्यम फ्रीमन नांवाचा तेवीस वर्षांच्या सुमाराचा एक काळा तरुण पकडला गेला, आणि खून त्यानेंच केले ह्यांत शंका नव्हती. लोक इतके चवताळले होते कीं, त्यास तेथल्या तेथें फाशीं देण्याचा बेत चालला होता, आणि त्यास तुरुंगापर्यंत नेतांना अंमलदारांच्या नाकीं नऊ आले. पण हा फ्रीमन होता तरी कोण? तो मुलगा असतांना घोडा चोरल्याच्या आरोपावरून त्यास पांच वर्षें ऑबर्नच्या तुरुंगांत डांबलें होतें, आणि ती चोरी त्यानें केलेलीच नव्हती. तुरुंगांत त्यास अमानुष मार बसला. एकदां तर त्याच्या डोक्यावर फळी मोडेपर्यंत मारलें, आणि तेव्हांपासून त्यास ऐकूं येईनासें झालें व त्याची बुद्धिही भ्रष्ट झाली. खुनाविषयीं विचारलें असतां तो अर्थहीन हंसे.

न्यायालयांत आरोपीचा वकील कोण, असें विचारण्यांत आलें, तेव्हां कोणी पुढें होईना. अखेरीस माजी गव्हर्नर सीवर्ड उठून उभे राहिले, आणि हें काम आपण विनामूल्य पत्करतों असें त्यांनीं सांगितलें. सबंध गांवाला हा आपला अपमान वाटला. जुने स्नेही तोंड फिरवूं लागले. ह्या माणसाचें राजकीय आयुष्य आतां संपलें, असें जो तो म्हणूं लागला. घरांत मात्र पत्नी त्यांच्या पाठीशीं उभी होती. सीवर्ड ह्यांनीं आपल्या खर्चानें वैद्यांच्या साक्षी घेतल्या, आणि आरोपी वेडा आहे, वेड्यास फाशीं देणें हा न्याय नव्हे, शिवाय ह्या वेडास आपणां सर्वांची निर्दयताच कारण झाली आहे, असें तासचे तास बोलून पंचांस सांगितलें. आपल्या मरणानंतर एखाद्या वाटसरूनें आपल्या थडग्यावर एवढेंच लिहावें कीं हा मनुष्य विश्वासू राहिला, अशी इच्छाही त्यांनीं त्या भाषणांत बोलून दाखविली. पंचांनीं ऐकलें नाहीं. फ्रीमनला फाशींची शिक्षा झाली. सीवर्ड ह्यांनीं अपील केलें, आणि वरिष्ठ न्यायालयानें ती शिक्षा रद्द करून पुन्हां चौकशी करण्याचा हुकूम दिला. परंतु त्यापूर्वींच, १८४७ च्या ऑगस्टांत, फ्रीमन तुरुंगांत मरण पावला. शवाची तपासणी झाली तेव्हां त्याचा मेंदू रोगानें पार सडलेला आढळला. सीवर्ड खरें बोलत होते, हें तेव्हां सर्वांस कळलें.

१८४९ सालीं सीवर्ड संयुक्त संस्थानांच्या सेनेट सभेंत गेले व तेथें बारा वर्षें राहिले. गुलामगिरी नव्या मुलुखांत पसरूं द्यावी कीं नाहीं, ह्या वादानें तो काळ पेटलेला होता. ११ मार्च १८५० रोजीं केलेल्या प्रसिद्ध भाषणांत त्यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, राज्यघटनेच्या वर आणखी एक कायदा आहे; तो परमेश्वरानें घालून दिलेला असून मनुष्यांस दास करण्यास तो परवानगी देत नाहीं. १८५८ सालीं रॉचेस्टर येथें बोलतांना गुलामगिरी व स्वातंत्र्य ह्यांचा झगडा टळणारा नाहीं, आणि राष्ट्रास अखेर एका बाजूचें व्हावेंच लागेल, असें भाकीत त्यांनीं केलें. हें केवळ बोलणें नव्हतें. त्यांच्या ऑबर्नच्या घरांत पळून आलेल्या गुलामांस आश्रय मिळे, आणि तो देणें त्या काळीं कायद्यानें गुन्हा होता. स्वतः गुलामींतून सुटून इतरांस सोडविणारी शूर स्त्री हॅरिएट टबमन हिला त्यांनीं १८५९ सालीं ऑबर्नजवळ घर व जमीन सवलतीच्या किंमतींत दिली.

१८६० साल उजाडलें तेव्हां रिपब्लिकन पक्षाचे सर्वांत मोठे पुढारी सीवर्ड हेच होते, आणि अध्यक्षपदासाठीं त्यांचीच निवड होणार असें सर्व धरून चालले होते. मे महिन्यांत शिकागो येथें पक्षाचें अधिवेशन भरलें. ऑबर्नमध्यें विजयाची सलामी देण्यासाठीं तोफ सज्ज करून ठेवली होती, आणि सीवर्ड ह्यांच्या बागेंत शेजारीपाजारी जमले होते. पहिल्या मतदानांत त्यांस १७३½ मतें मिळालीं, व इलिनॉय संस्थानांतील लिंकन नांवाच्या वकिलास १०२. निवडीस २३३ लागत होतीं. परंतु सीवर्ड फार जहाल आहेत, अशी पुष्कळांस भीति वाटत होती; जुन्या शाळा प्रकरणांतील राग अनेकांनीं मनांत ठेवला होता; आणि थर्लो वीडच्या डावपेंचांविषयींही लोकांत संशय होता. तिसऱ्या मतदानांत लिंकन निवडून आले. बागेंतील माणसें पांगलीं. तोफ न उडतांच परत गेली.

येथें विद्यार्थ्यांनीं क्षणभर थांबावें. तीस वर्षें ज्याची वाट पाहिली तें पद हातातोंडाशीं येऊन गेलें, आणि तेंही अशा माणसाकडे कीं ज्याचें नांव दोन वर्षांपूर्वीं फारसें कोणास माहीतही नव्हतें. सीवर्ड ह्यांस मनांतून किती दुःख झालें, हें त्यांच्या निकटच्या माणसांनीं पाहिलें. परंतु ते रुसून घरीं बसले नाहींत. त्याच हिंवाळ्यापूर्वीं ते गांवोगांव फिरले, आणि ज्यानें आपला पराभव केला त्याच्यासाठींच मतें मागितलीं. लिंकन निवडून आल्यावर त्यांनीं सीवर्ड ह्यांस परराष्ट्रमंत्रिपद दिलें, आणि मार्च १८६१ मध्यें सीवर्ड ह्यांनीं तें स्वीकारलें.

प्रारंभीं मात्र त्यांस गर्व झाला होता, हें नाकारतां येत नाहीं. हा अननुभवी अध्यक्ष नांवाचा राहील व कारभार आपण पाहूं, अशी त्यांची समजूत होती. १ एप्रिल १८६१ रोजीं त्यांनीं लिंकन ह्यांस एक टिपण पाठविलें. देशांतील फूट मिटावी म्हणून परकीय राष्ट्रांशीं भांडण उकरून काढावें, आणि धोरण चालविण्याची जबाबदारी कोणा एकानें घ्यावी, असा त्याचा भावार्थ होता. लिंकन ह्यांनीं शांतपणें उत्तर दिलें कीं, जें करावयाचें तें आपणच केलें पाहिजे. त्यांनीं तें टिपण कोणास दाखविलें नाहीं, कीं सीवर्ड ह्यांचा चारचौघांत पाणउतारा केला नाहीं. सीवर्ड ह्यांनीं ह्यांतून धडा घेतला. दोनच महिन्यांनीं त्यांनीं पत्नीस कळविलें कीं, आम्हां सर्वांमध्यें अध्यक्ष हेच श्रेष्ठ आहेत. चूक करणारे पुष्कळ असतात. आपल्याहून दुसरा मोठा आहे हें ओळखून त्याच्या हाताखालीं निष्ठेनें राबणारे फार थोडे.

ह्या नव्या नम्रतेचा राष्ट्रास लवकरच उपयोग झाला. अंतर्गत युद्ध सुरू झालेलें होतें. ८ नोव्हेंबर १८६१ रोजीं कॅप्टन विल्क्स ह्यानें ट्रेंट नांवाच्या इंग्रज टपालजहाजावरून दक्षिणेच्या दोघां वकिलांस बळानें उतरवून घेतलें. उत्तरेंत आनंदाची लाट उसळली, इंग्लंडांत संतापाची. इंग्लंडनें कानड्यांत फौज पाठविण्यास आरंभ केला. एका शत्रूशीं लढत असतांना दुसरा बलाढ्य शत्रु अंगावर घेणें म्हणजे राष्ट्राचा नाश, हें लिंकन व सीवर्ड ह्यांनीं ओळखलें. पण माघार घ्यावी तरी मान कशी राखावी? सीवर्ड ह्यांनीं मोठ्या चातुर्यानें तोड काढली. समुद्रावर तटस्थ जहाजांतून माणसें ओढून नेऊं नयेत, ह्या तत्त्वासाठीं अमेरिका १८१२ सालीं स्वतः इंग्लंडशीं लढली होती. तेव्हां हीं माणसें सोडून देण्यांत अमेरिका आपलेंच जुनें तत्त्व पाळीत आहे, असें त्यांनीं उत्तर लिहिलें. नाताळच्या दुसऱ्या दिवशीं कैद्यांची सुटका ठरली, आणि युद्ध टळलें. वर्षारंभीं जो मनुष्य परक्यांशीं लढाई मागत होता, त्यानेंच वर्षअखेर ती टाळली!

२२ जुलै १८६२ रोजीं लिंकन ह्यांनीं गुलामांस मुक्त करण्याचा जाहीरनामा मंत्रिमंडळापुढें वाचून दाखविला. पराभवांच्या बातम्या येत असतां तो काढला, तर बुडत्याची ती किंकाळी समजली जाईल; एखादा विजय मिळेपर्यंत थांबावें, असा सल्ला सीवर्ड ह्यांनीं दिला. लिंकन ह्यांस तो पटला. सप्टेंबरांत अँटीटमची लढाई झाली, त्यानंतर जाहीरनामा प्रसिद्ध झाला, आणि १ जानेवारी १८६३ पासून तो अंमलांत आला. नोव्हेंबर महिन्यांतील उपकारस्तुतीच्या राष्ट्रीय सणाचा १८६३ सालचा जाहीरनामाही सीवर्ड ह्यांच्याच लेखणींतून उतरला आहे. दुसऱ्या बाजूस, युद्धाच्या पहिल्या वर्षीं केवळ संशयावरून व चौकशीवांचून माणसें तुरुंगांत टाकण्याचें काम त्यांच्या खात्याकडे होतें, आणि फ्रीमनच्या वकिलास तें शोभलें नाहीं, असें आम्हांस वाटतें.

युद्ध संपत आलें असतां, ५ एप्रिल १८६५ रोजीं, गाडीचे घोडे उधळून सीवर्ड खालीं पडले. त्यांचा हात व जबडा मोडला. ९ एप्रिलच्या रात्रीं लिंकन त्यांच्या समाचारास आले, आणि त्यांच्याच पलंगावर आडवे होऊन हलक्या आवाजांत बोलत राहिले. ती त्या दोघांची शेवटची भेट ठरली. १४ एप्रिलच्या रात्रीं लिंकन ह्यांस नाटकगृहांत गोळी घातली गेली, त्याच वेळीं लुइस पॉवेल नांवाचा धिप्पाड मारेकरी औषध आणल्याच्या बहाण्यानें सीवर्ड ह्यांच्या घरांत शिरला. त्यानें मुलगा फ्रेडरिक ह्याचें डोकें पिस्तुलानें फोडलें, आणि अंथरुणास खिळलेल्या सीवर्ड ह्यांच्या तोंडावर व मानेवर सुऱ्याचे घाव घातले. शुश्रूषेसाठीं ठेवलेला जॉर्ज रॉबिन्सन नांवाचा शिपाई स्वतः जखमी होऊनही त्या राक्षसाशीं झोंबला; मुलगी फॅनी ओरडत मध्यें पडली; दुसरा मुलगा ऑगस्टस धांवून आला. घरांतील पांच माणसें रक्तबंबाळ झालीं, पण सर्व वांचलीं. लिंकन ह्यांच्या मृत्यूची बातमी सीवर्ड ह्यांस कोणी सांगितली नव्हती. सांगतात कीं, खिडकींतून अर्ध्यावर उतरविलेलें निशाण पाहून ते स्वतःच समजले. अध्यक्ष जिवंत असते, तर सर्वांआधीं तेच आपल्यास भेटावयास आले असते, असें त्यांनीं म्हटलें. दोनच महिन्यांत त्यांची पत्नी वारली, आणि पुढच्या वर्षीं लाडकी फॅनीही गेली.

इतकें झाल्यावरही त्यांनीं काम सोडलें नाहीं. नवे अध्यक्ष अँड्रयू जॉन्सन ह्यांच्या हाताखालीं ते चार वर्षें राहिले. येथें आम्हांस त्यांच्या चरित्रांतील सर्वांत मोठा दोष सांगितला पाहिजे. दक्षिणेशीं लवकर समेट व्हावा, ह्या इच्छेनें त्यांनीं जॉन्सन ह्यांच्या धोरणास पाठिंबा दिला, आणि नुकतेच मुक्त झालेले काळे लोक पुष्कळ अंशीं जुन्या धन्यांच्याच मर्जीवर सोडले गेले. क्षमा हा मोठा गुण खरा. पण दुर्बलाच्या रक्षणाची तजवीज न करतां बलवानास केलेली क्षमा दुर्बलाच्याच खिशांतून जाते. फ्रान्सिस बाई जिवंत असत्या तर त्यांनीं ऑबर्नहून कसें पत्र लिहिलें असतें, असा विचार आमच्या मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

ह्याच काळांत अलास्काचा व्यवहार झाला. तो प्रदेश रशियाचा होता. पण तो दूर, खर्चिक, आणि युद्धप्रसंगीं इंग्रजांच्या हातीं पडेल अशा बेताचा असल्यानें रशियास तो विकावयाचा होता. २९ मार्च १८६७ च्या रात्रीं सीवर्ड घरीं पत्ते खेळत बसले असतां रशियाचे वकील स्टोकल आले. बादशहांची संमति आली आहे, उद्यां करारावर सह्या करूं, असें त्यांनीं सुचविलें. उद्यां कशाला, आतांच करूं, असें म्हणून सीवर्ड ह्यांनीं पत्ते बाजूस सारले, रात्रींच कचेरी उघडविली, कारकून बोलाविले, आणि पहांटे चार वाजतां करार पुरा झाला! किंमत ७२ लाख डॉलर, आणि क्षेत्रफळ सुमारें ५,८६,००० चौरस मैल. म्हणजे एकरास सुमारें दोन सेंट पडले. सेनेटनें ९ एप्रिल रोजीं ३७ विरुद्ध २ मतांनीं करार मान्य केला. वर्तमानपत्रांनीं मात्र सीवर्डचा मूर्खपणा, सीवर्डची बर्फाची पेटी, अशी त्याची थट्टा मांडली. पुढें तेथें सोनें सांपडलें, तांबें सांपडलें, १९६८ सालीं खनिज तेलाचा प्रचंड सांठा आढळला. आणि १९५९ सालीं अलास्का एकोणपन्नासावें संस्थान झालें. आतां तेथें मार्चच्या शेवटच्या सोमवारीं सीवर्ड ह्यांच्या नांवें सण पाळतात. तथापि त्या भूमीवर पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या त्लिंगित, अल्यूट, इनुइट इत्यादि लोकांस त्या रात्रीं कोणींच कांहीं विचारलें नाहीं, हेंही इतिहासानें लिहून ठेवलें पाहिजे.

१८६९ सालीं ते अधिकारावरून उतरले. हात जवळजवळ लुळे पडले होते, चेहऱ्यावर घावांच्या खुणा होत्या. तरी ह्या वृद्धानें प्रथम अलास्का व मेक्सिको पाहिले, आणि मग पृथ्वीप्रदक्षिणेचा बेत केला. जपान व चीन पाहून ते १८७१ सालीं हिंदुस्थानांत आले. कलकत्ता, काशी, आग्रा, दिल्ली हीं स्थळें पाहून मुंबईस आले, व तेथून जहाजानें पश्चिमेकडे गेले. ह्या प्रवासाचें मोठें पुस्तक त्यांच्या मानलेल्या कन्येनें १८७३ सालीं प्रसिद्ध केलें. तें पाहण्यास ते स्वतः मात्र राहिले नव्हते. १० ऑक्टोबर १८७२ रोजीं ऑबर्नच्या घरीं त्यांचें देहावसान झालें. शेवटीं कांहीं सांगावयाचें आहे काय, असें मुलांनीं विचारलें असतां, एकमेकांवर प्रीति करा, एवढेंच ते म्हणाले, अशी त्यांच्या घरची आठवण आहे. आमच्या प्रभूनें आपल्या शिष्यांस दिलेली शेवटल्या रात्रींची आज्ञा तीच होती, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

ऑबर्नच्या स्मशानभूमींत पत्नीशेजारीं त्यांस मूठमाती दिली. त्यांच्या थडग्यावर अलास्काचें नांव लिहिलेलें नाहीं, मंत्रिपदाची फुशारकीही नाहीं. फ्रीमनच्या खटल्याच्या वेळीं त्यांनीं जी इच्छा बोलून दाखविली होती, तीच तेथें कोरली आहे: हा मनुष्य विश्वासू राहिला.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं गव्हर्नर किंवा मंत्री कोण होईल, हें आम्हांस सांगतां येत नाहीं. पण निवडीच्या दिवशीं दुसऱ्याचें नांव पुकारलें जाणें, हा प्रसंग तुम्हां प्रत्येकावर कधीं ना कधीं येणार. आणि ज्याच्या बाजूनें कोणीच उभें राहत नाहीं, असा एखादा फ्रीमनही तुमच्या गांवांत तुम्हांस भेटणार. पालकांसही आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, मुलांचे निकाल पाहतांना ह्या दोन परीक्षांसाठीं आपलें मूल तयार होत आहे ना, हें पाहण्यास विसरूं नये. शुभवर्तमानांतील दाखल्यांतला धनी आपल्या चाकरास जी शाबासकी देतो, ती मोठेपणाबद्दल नसून विश्वासूपणाबद्दल आहे. ऑबर्नच्या त्या दगडावर जें कोरलें आहे, तें लिहून घेण्यास कोणतेंही पद लागत नाहीं.